उजळाईवाडी ते मुंबई : अंतर किती आणि वेळ किती?

मंडळी, प्रश्न अगदी साधा आहे. कोल्हापूरहून मुंबई किती लांब?

ट्रॅव्हल्सनं जाणारा सांगेल, पावणेचारशे किलोमीटर. महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाणाऱ्यासाठी हेच अंतर ५१८ किलोमीटर आहे. आणि उजळाईवाडीच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ मारली तर ते भरतं साधारण ३०९ किलोमीटर. दोन्हीकडचे अक्षांश-रेखांश घेऊन मी हिशेब करून बघितला, एखादा किलोमीटर इकडे-तिकडे होईल.

गावं तीच दोन, आणि आकडे तीन. रेल्वेचा आकडा एवढा मोठा का, तर गाडी कोल्हापुरातून निघून आधी पूर्वेला मिरजेला जाते, मग उत्तरेला वळून कराड, सातारामार्गे पुणे, आणि तिथून लोणावळा, कर्जत, कल्याण करत मुंबई. पुण्यापर्यंतचे ३२६ आणि पुढचे १९२. म्हणजे विमानाच्या वाटेपेक्षा दोनशे किलोमीटरहून जास्त वळसा.

पण खरा प्रश्न किलोमीटरचा नाहीच. गेल्या दीडशे वर्षांत कोल्हापूर आणि मुंबई जागेवरून हललेली नाहीत. बदलत आली ती वेळ. आणि ती वेळ कुणी बदलली, कशी बदलली, कधी परत वाढली, हा आपल्या शहराचा इतिहास आहे. विमानतळाची चर्चा निघाली की आपण टर्मिनल, धावपट्टी आणि तिकिटाच्या दरावर बोलतो. हा इतिहास मात्र कुणी काढत नाही. म्हणून ही जरा लांबलेली पोस्ट.

सुरुवात करू एका राजाच्या प्रवासापासून.

आपल्याकडं राजाराम महाराज म्हटलं की नावाचा गोंधळ होतो, म्हणून आधी तो सोडवू. राजाराम कॉलेज ज्यांच्या स्मरणार्थ आहे ते छत्रपती राजाराम महाराज वेगळे आणि विमानतळ उभारणारे छत्रपती राजाराम महाराज वेगळे. पहिले १८५० साली जन्मले आणि विसाव्या वर्षी गेले. दुसरे राजर्षी शाहू महाराजांचे चिरंजीव.

त्यातले पहिले १८७० मध्ये इंग्लंडला गेले. तेव्हा कोल्हापुरात रेल्वे नव्हती, ती यायला अजून २१ वर्षं होती. सुएझ कालवा आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला होता. तरीही बोटीनं विलायत गाठणं म्हणजे आठवड्यांचा मामला. इंग्लंड पाहून परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला महाराजांची तब्येत बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथंच त्यांचं निधन झालं. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीनं अग्निसंस्कार झाले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि असला अंत्यविधी त्या शहरानं कधी पाहिलेला नव्हता. पुढं तिथं त्यांचं स्मारक उभं राहिलं. ते आजही आहे, आणि त्याच्या जवळच्या पुलाला तिथले लोक 'इंडियानो' म्हणतात. स्मारकाचा आराखडा केला चार्ल्स मँटनं. हो, तोच मँट, ज्यानं आपला नवा राजवाडा आणि टाऊन हॉल उभा केला.

ही गोष्ट सांगायचं कारण एवढंच, की त्या पिढीसाठी अंतर म्हणजे काय होतं ते कळावं. घर सोडून निघालेला माणूस, अगदी राजा असला तरी, परत येईलच याची खात्री नसायची.

दुसरा टप्पा रेल्वेचा. मिरज ते कोल्हापूर हा साधारण ४७ किलोमीटरचा फाटा. तो कोल्हापूर संस्थानानं आपल्या पैशानं बांधून घेतला, हे आज फार जणांना माहीत नसतं. १८८८ मध्ये चौदा वर्षांच्या शाहू महाराजांच्या हस्ते कामाचा मुहूर्त झाला आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. स्टेशनला छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे नाव आहे, ते नुसतं मान म्हणून नाही. त्या रुळांशी त्यांचा खरोखर संबंध आहे.

त्या ४७ किलोमीटरनं काय केलं? गुळाची बाजारपेठ उभी राहायला हातभार लावला. शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली ती स्टेशनला लागून, हा योगायोग नव्हे. माल उतरवायचा कुठं, चढवायचा कुठं, याचा विचार करून वसवलेली ती पेठ.

पण यात एक मेख होती. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग मीटरगेज आणि पुणे-मुंबई ब्रॉडगेज. त्यामुळं मुंबईला जाणाऱ्या कोल्हापूरकराला पुण्यात उतरून गाडी बदलावी लागायची. बोजा खाली काढा, हमाल बघा, दुसऱ्या फलाटावर जा, जागा मिळते का बघा. हे जवळजवळ ऐंशी वर्षं चाललं. १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झालं आणि रात्री कोल्हापुरात बसलेला माणूस सकाळी थेट मुंबईत उतरायला लागला. किलोमीटर फारसे कमी झाले नाहीत, कमी झाला तो पुण्याचा फलाट. अंतर कमी होतं म्हणजे कधीकधी एवढंच होतं.

तिसरा टप्पा विमानाचा, आणि इथं कोल्हापूरनं खरोखर कमाल केली.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला विमान उतरवलं. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. भारतीय विमानसेवेची ही सुरुवात. जुहूची तेव्हाची धावपट्टी म्हणजे चिखलाचं मैदान, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारं. मुंबईची ही अवस्था होती, हे लक्षात ठेवा.

त्यानंतर सात वर्षांच्या आत, जानेवारी १९३९ मध्ये, कोल्हापूरच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. छत्रपती राजाराम महाराजांनी उजळाईवाडीच्या माळावर तो उभारला. ना दिल्लीचा आदेश, ना मुंबईची योजना. एका मध्यम आकाराच्या संस्थानाच्या राजाला वाटलं की आपल्या राजधानीत विमान उतरलं पाहिजे, आणि त्यानं ते केलं. वडिलांच्या काळात शहर रुळांशी जोडलं गेलं होतं, मुलानं ते आकाशाशी जोडलं.

जागेची निवडही बघा. शहरापासून आठ-नऊ किलोमीटर, सपाट माळ आणि पंचगंगेच्या पुरापासून दूर. या शेवटच्या मुद्द्यावर मी पुढं परत येणार आहे.

दुर्दैवानं महाराजांना हे फुलताना बघायला मिळालं नाही. २६ नोव्हेंबर १९४० रोजी त्यांचं निधन झालं, उद्घाटनाला दोन वर्षंही झाली नव्हती. जग महायुद्धात अडकलेलं होतं. मग स्वातंत्र्य आलं आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

ही तारीख मला फार महत्त्वाची वाटते. विलीनीकरण व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल दुमत नाही. संस्थानं गेली, लोकशाही आली, चांगलंच झालं. पण त्या दिवशी एक गोष्ट गुपचूप बदलली. २८ फेब्रुवारीपर्यंत उजळाईवाडीचा विमानतळ हा एका राजधानीचा विमानतळ होता. १ मार्चपासून तो एका जिल्ह्याचा विमानतळ झाला. कोल्हापूरपासून मुंबई तेवढ्याच किलोमीटरवर राहिली, पण निर्णय घेणारं टेबल लांब गेलं. आधी ते टेबल राजवाड्यात होतं. मग मुंबईत गेलं, आणि विमानाच्या बाबतीत दिल्लीत.

त्यानंतरची गोष्ट म्हणजे सुरू आणि बंद, सुरू आणि बंद.

मधल्या दशकांत विमानतळ होता, पण तिथून नेमानं विमान असेलच असं नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात एअर डेक्कनची आणि मग किंगफिशरची मुंबई सेवा होती. २०११ च्या अखेरीस तीही थांबली. पुढची सहा वर्षं ज्या विमानतळाचं उद्घाटन १९३९ मध्ये झालं होतं, तिथून एकही नियमित प्रवासी विमान उडत नव्हतं.

मग केंद्राची उडान योजना आली. एप्रिल २०१८ मध्ये नव्या रूपातल्या एअर डेक्कननं अठरा आसनी छोट्या विमानानं मुंबई सेवा सुरू केली. आठवड्यातून तीन दिवस. ती फार टिकली नाही. डिसेंबर २०१८ मध्ये अलायन्स एअरनं हैदराबाद आणि बंगळूर जोडलं. २०१९ मध्ये इंडिगो आली, तिरुपतीला विमान सुरू झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ट्रूजेटनं मुंबई सेवा सुरू केली. २०२२ च्या सुरुवातीला ती कंपनीच थांबली. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टार एअर आली.

यात एक गंमत आहे बघा. कोल्हापूर ते हैदराबाद सरळ रेषेत साधारण ४४५ किलोमीटर. बंगळूर ५३० च्या आसपास. मुंबई फक्त ३०९. तरीही कोल्हापूरला जवळची मुंबई टिकवून ठेवणं हैदराबादपेक्षा अवघड गेलं. जे जवळ आहे तेच हाताला लागत नाही!

कारण मुंबईत जागा नाही. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. एका वेळी एकच विमान, आणि रांगेत अख्खा देश आणि अर्धं जग. उतरायची-उडायची ठरवून दिलेली वेळ, म्हणजे स्लॉट, ही तिथं सोन्यापेक्षा महाग वस्तू आहे. कोल्हापूरचं पन्नास-सत्तर आसनांचं विमान धावपट्टीवर जवळपास तेवढीच वेळ खातं जेवढी १८० आसनांचं विमान खातं. मग सकाळी आठचा स्लॉट कुणाला मिळणार? सांगायची गरज नाही.

आता जरा वेळेचा हिशेब करू.

१९३० च्या दशकातलं पस मॉथसारखं छोटं विमान ताशी साधारण १६० किलोमीटरनं जायचं. त्या वेगानं ३०९ किलोमीटरला लागतील दोन तास. आजचं एटीआर ताशी ५०० च्या आसपास आणि छोटं जेट ८०० पर्यंत जातं. म्हणजे वेग तिपटी-पाचपटीनं वाढला. हवेतला निव्वळ वेळ निघतो पंचवीस ते चाळीस मिनिटं. पण वेळापत्रकात तास-सव्वा तास धरलेला असतो. कारण विमान सरळ रेघेत उडत नाही. धावपट्टीवर जायचं, वाऱ्याच्या दिशेनुसार उडायचं, वळायचं, वर चढायचं, आणि मुंबई जवळ आली की रांगेत थांबायचं. म्हणजे ऐंशी-नव्वद वर्षांत विमानाचा वेग पाचपट झाला तरी प्रवासाचा वेळ जेमतेम निम्माच झाला. बाकीचं सगळं रांगेनं खाल्लं.

त्यात घर ते मंत्रालय हा हिशेब धरा. रंकाळ्यावरून उजळाईवाडी अर्धा-पाऊण तास. उड्डाणाच्या तासभर आधी हजर. एक तास विमान. सांताक्रूझहून मंत्रालय तास-दीड तास. झाले साडेतीन ते सव्वाचार तास. गाडीनं सात-आठ तास लागतात त्यापेक्षा हे नक्कीच चांगलं.

पण आता खरी तुलना करा, ती महालक्ष्मीशी. ती अकरा तासांच्या आसपास घेते, पण ते तास रात्रीचे असतात. माणूस जेवून गाडीत बसतो, झोपतो, सकाळी मुंबईत उतरतो, काम करतो आणि रात्री परत गाडीत बसतो. कामाचा दिवस एकच जातो, आणि हॉटेलचं भाडं वाचतं. आता समजा विमान आठवड्यातून तीनच दिवस आहे आणि तेही दुपारी. मुंबईत पोचेपर्यंत सरकारी कार्यालयातली साहेब मंडळी निघायच्या तयारीत. मग मुक्काम. दुसऱ्या दिवशी काम, पण परतीचं विमान परवा. एका तासाच्या विमानानं तीन दिवस खाल्ले, आणि अकरा तासांच्या रेल्वेनं एक.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की दोन विमानतळांमधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, मिनिटांतही मोजू नका. ते वेळापत्रकात मोजा. सकाळी जाऊन काम करून संध्याकाळी परत येता आलं तर मुंबई एका दिवसाच्या अंतरावर आहे. नाही येता आलं, तर विमान कितीही वेगवान असो, मुंबई तीन दिवस लांबच आहे.

काहीजण म्हणतील, विमान ही श्रीमंतांची चैन, त्यावर एवढं काय? आधी मलाही हा मुद्दा वजनदार वाटतो. पण दोन गोष्टी बघा.

पहिली, २०१९ ची. २७ जुलैला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. हजारभर प्रवासी गाडीत, बाहेर चारही बाजूंनी पाणी. एनडीआरएफ, नौदल आणि स्थानिक लोकांनी सगळ्यांना सुखरूप काढलं. त्यानंतर दहा दिवसांच्या आत इकडं पंचगंगेनं आपलं काय केलं ते सांगायला नको. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली, कितीतरी दिवस बंद. दूध, भाज्या, पेट्रोल, औषधं सगळ्याची ओढाताण. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. रुळही पाण्यात आणि रस्ताही पाण्यात. अशा वेळी उजळाईवाडीचा माळ मात्र उंचावर कोरडा. १९३९ ची ती जागेची निवड ऐंशी वर्षांनी परत मोलाची ठरते ती अशी. ज्या शहराला दर काही वर्षांनी महापूर घेरतो, त्या शहरासाठी चालता विमानतळ ही चैन नाही, मागचा दरवाजा आहे.

दुसरी गोष्ट उच्च न्यायालयाची. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांना प्रत्येक अपिलासाठी मुंबई गाठावी लागायची. शेताच्या बांधाच्या वादासाठी शेतकरी रात्रभर प्रवास करणार, तारीख पडली की तसाच परत येणार. वकील मंडळींनी आणि लोकांनी चार दशकांहून जास्त काळ आंदोलनं केली. अखेर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं. त्या दिवशी अंतर कमी झालं ते रस्ता किंवा विमान यामुळं नाही. ज्या जागी पोचायचं होतं ती जागाच इकडं आली. अंतर कमी करायचा हाही एक मार्ग असतो, आणि गरिबाच्या दृष्टीनं तोच सगळ्यात स्वस्त. पण आता वाहतूक उलटीही होणार. न्यायमूर्ती, ज्येष्ठ वकील, सरकारी अधिकारी यांना मुंबईहून इकडं यावं लागणार. विमानाची गरज कमी झालेली नाही, वाढली आहे.

आता आजची स्थिती. धावपट्टी १३७० मीटरची होती, ती १९३० मीटर झाली. २३०० मीटरचा पुढचा टप्पा ठरलेला आहे, तो झाला की मोठी विमानं पूर्ण भारानं उतरू शकतील. रात्री विमान उतरवायची परवानगी २०२२ मध्ये मिळाली. १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. दगडी कमानींची, आपल्या जुन्या वास्तूंची आठवण करून देणारी देखणी इमारत आहे, बाहेरचा माणूस उतरला की दोन मिनिटं बघत राहतो. विमानतळाला छत्रपती राजाराम महाराजांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं केलेला आहे.

हे सगळं चांगलंच आहे. पण इमारत, कमानी, धावपट्टी हे सगळं इकडचं टोक झालं. अडचण तिकडच्या टोकाला आहे, म्हणजे मुंबईच्या स्लॉटला. आणि तिथं आता एक नवी संधी आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि डिसेंबरमध्ये तिथून विमानं उडू लागली. उजळाईवाडीपासून सरळ रेषेत तो आणखी जवळ, २९० किलोमीटरच्या आत. अटल सेतूमुळं तिथून दक्षिण मुंबईही हाताशी आली आहे. नव्या विमानतळावर वेळा वाटल्या जातात त्या सुरुवातीला. एकदा मोठ्या शहरांनी सकाळ-संध्याकाळच्या वेळा अडवल्या की मग आपण परत वीस वर्षं रांगेत.

म्हणून मागणी एकच आणि नेमकी असावी. 'विमानसेवा वाढवा' असं मोघम निवेदन नको. सकाळी नऊच्या आत मुंबई किंवा नवी मुंबईत पोचणारं आणि संध्याकाळी सहानंतर तिथून निघणारं विमान, आठवड्याचे सगळे दिवस. खासदार, आमदार, चेंबर, बार असोसिएशन, इंजिनिअरिंग असोसिएशन, सगळ्यांच्या निवेदनात ही दोन वाक्यं सारखी असली पाहिजेत. सर्किट बेंच मिळालं ते मागणी नेमकी होती आणि लोक हटले नाहीत म्हणून. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे अजून कागदावर आहे. त्यातूनही शिकण्यासारखं आहे.

१८९१ मध्ये आपल्या पैशानं रूळ टाकणारं आणि १९३९ मध्ये माळावर विमानतळ उभारणारं हे शहर आहे. तेव्हा निर्णय आपल्या हातात होता. आज तो मतपेटीतून आणि निवेदनातून जातो, पण जातो आपल्याच हातातून.

तुमच्या घरातल्या कुणी जुन्या काळी उजळाईवाडीहून विमान प्रवास केला असेल, किंवा पुण्यात मीटरगेज सोडून ब्रॉडगेज पकडायची धावपळ केली असेल, तर ती आठवण खाली जरूर लिहा. साल आणि लागलेला वेळही लिहा. आपल्या शहराचा हा हिशेब कुणीतरी मांडून ठेवायला हवा.